उन्हाळी शिबिराची फी भरायच्या आधी – नागपूरच्या आईबाबांसाठी

माझ्या मोठीला तिसरीच्या सुट्टीत हस्ताक्षराच्या शिबिरात घातलं होतं. पंधरा दिवस, रोज दीड तास, फी 1800 रुपये. जूनमध्ये शाळा उघडली, पहिल्याच आठवड्यात मराठीची वही उघडून पाहिली तर अक्षर जसंच्या तसं, कोंबडीचे पाय. मी रागारागात मॅडमला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "ताई, पंधरा दिवसांत काय व्हावं असं तुम्हाला वाटत होतं?" आणि मला सांगताच आलं नाही. अक्षर सुंदर व्हावं एवढंच डोक्यात होतं, पण सुंदर म्हणजे काय आणि किती दिवसांत, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मग त्यांनी सांगितलं की तुमची मुलगी पेन्सिल मुठीत दाबून धरायची, आता तीन बोटांत धरते, तिचा हात दुखायचा थांबला आहे, आता रोज घरी दहा मिनिटं लिहिलं तर दिवाळीपर्यंत अक्षर वळणावर येईल. मी जाऊन पाहिलं तर खरंच तीन बोटांत पेन्सिल. पंधरा दिवस झालेलं काम माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून आजपर्यंत नऊ उन्हाळे झाले. दोन्ही लेकरं मिळून बरीच शिबिरं झाली, चेस, चित्रकला, विज्ञान, नाटक, स्केटिंग, आणि मधली दोन वर्षं आमच्या लेआउटमधल्या शिबिरात मी स्वतः गोष्टी सांगायला आणि क्राफ्ट घ्यायला जात होते, म्हणून फी देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन्ही बाजू जवळून पाहिल्या. आता दरवर्षी मार्चमध्ये मैत्रिणींचे फोन सुरू होतात की कुठे घालू, कोणतं चांगलं. कोणतं चांगलं हे मी सांगत नाही, कारण ते लेकरावर आणि तुमच्या घरच्या वेळापत्रकावर आहे. कसं निवडायचं आणि मग समाधान झालं की नाही हे कसं ओळखायचं, ते मात्र सांगते.

सगळ्यात आधी एका चिठ्ठीवर एकच ओळ लिहा, या शिबिरातून मला काय पाहिजे. दोन नाही, एकच. नवरा-बायकोने वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या तर अजून चांगलं, कारण आमच्या घरी पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी लिहिलं होतं "मोबाइल सुटावा" आणि यांनी लिहिलं होतं "पुढच्या वर्षीचं गणित थोडं होऊन जावं". शिबीर एकच, फी एकच, आणि दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी, मग शेवटी कोणीतरी एक नाराज होणारच ना. रिचर्ड ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1980 मध्ये ग्राहकांच्या समाधानाबद्दल हेच मांडलं होतं, की माणूस खूश होतो की नाही हे नुसतं हातात काय आलं यावर ठरत नाही, आधी मनात काय धरलं होतं आणि हातात काय आलं यातल्या फरकावर ठरतं. त्यांचा विषय ग्राहकांचा होता पण शिबिरालाही तंतोतंत लागू पडतो.

चिठ्ठीवर खरं लिहा बरं का. दोघंही नोकरीवर जातात, घरी आजी-आजोबा नाहीत, लेकरू सकाळी सुरक्षित कुठेतरी पाहिजे, एवढीच गरज असेल तर तेच लिहा, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. उलट तसं मान्य केलं की तुम्ही बरोबर प्रश्न विचाराल. मग सिलॅबसचं पॅम्प्लेट घेऊन बसणार नाही, तर वेळ किती ते किती, मला यायला वीस मिनिटं उशीर झाला तर लेकराजवळ कोण थांबेल, डबा खायला जागा आहे का, हे विचाराल. माझ्या एका मैत्रिणीने याच गरजेसाठी महागड्या रोबोटिक्सच्या बॅचला फी भरली, ती बॅच होती फक्त सव्वा तासाची, आणि ती रोज ऑफिसातून धावत येऊन धावत परत जात होती. पोराला रोबोट आवडला, पण ती पूर्ण महिना चिडचिड करून राहिली होती.

आता थोडा हिशोब करा. पंधरा दिवस गुणिले दीड तास म्हणजे साडेबावीस तास. बस. एका पूर्ण दिवसापेक्षाही कमी. साडेबावीस तासांत काय होऊ शकतं? चेसमध्ये सगळ्या सोंगट्यांच्या चाली पक्क्या होतात, हत्ती आणि राजा घेऊन मात कशी करायची ते येतं, हरल्यावर पट न उधळता हात मिळवायची सवय लागते. पोहण्यात पाण्याची भीती जाते, काही लेकरं तरंगायला लागतात. नाटकात चार लोकांसमोर आवाज निघतो. पण फाडफाड इंग्रजी येत नाही, अबॅकसच्या लेव्हल पूर्ण होत नाहीत, त्या महिनोन्महिने चालतात. जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, 19 वर्षांची पोरगी, त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली, आपल्या सगळ्यांची छाती फुगली. त्यानंतर चेसच्या बॅचची चौकशी करणारे खूप वाढले आणि ते चांगलंच आहे, पण आमच्या ओळखीच्या एका सरांना पहिल्याच आठवड्यात एका वडिलांनी विचारलं, "सर, स्टेटला कधी खेळवता?" लेकरू सहा वर्षांचं, त्याला अजून घोडा अडीच घर नीट चालवता येत नव्हता. दिव्यामागे लहानपणापासूनची कित्येक वर्षं आहेत, रोजचे तास आहेत. शिबीर म्हणजे फक्त दार उघडून आत डोकावणं.

"सुट्टीत सगळं विसरतात हो" हे जे आपण म्हणतो त्यात तथ्य आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेतले 39 अभ्यास एकत्र पाहिले, तर उन्हाळी सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभराने मागे गेलेली दिसली आणि गणितात ही घसरण वाचनापेक्षा जास्त होती. त्यांची सुट्टी आपल्यापेक्षा लांब असते, शाळाही वेगळ्या, म्हणून तो आकडा आपल्यावर जसाच्या तसा चिकटवू नका. पण त्यातून एक घ्यायसारखं आहे, अभ्यासासाठीच शिबीर पाहिजे असेल तर पुढच्या इयत्तेचा पोर्शन उरकणारं शोधू नका, मागच्या वर्षीचे पाढे, भागाकार, अपूर्णांक हाताखालून घालून घेणारं शोधा. पुढचं उरकलेलं लेकरू शाळेत पहिले दोन महिने "मला येते" म्हणून लक्ष देत नाही, हे मी स्वतःच्या घरी पाहिलं आहे.

आता जागा पाहायला जा. आणि इथे नागपूरचं ऊन हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, पुण्या-मुंबईचा सल्ला इथे चालत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, आपल्याकडच्या शाळाही त्याच कारणाने बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्यामुळे बॅच सकाळी सातची असेल आणि साडेनऊ-दहाला सुटत असेल तरच मी विचार करते. अकरा ते एकची बॅच कितीही चांगली असू द्या, येतानाचं ऊन लेकराला लागतं. व्हॅन लावणार असाल तर सुटायची वेळ विचारू नका, तुमचं लेकरू घरी किती वाजता उतरेल ते विचारा, कारण दहाला सुटलेली व्हॅन मानेवाडा, हुडकेश्वर, नंदनवन करत करत साडेअकराला पोचते आणि तोपर्यंत टपाची भट्टी झालेली असते.

जागा पाहायला सकाळी प्रसन्न हवेत जाऊ नका, शेवटच्या बॅचच्या वेळी जा. वर टिनाचं शेड आहे का पाहा. कूलर आहे म्हणतील, तो कुठे लावला आहे ते पाहा, कारण कूलरला बाहेरची हवा ओढायला जागा पाहिजे आणि समोर एखादी खिडकी किंवा दार उघडं पाहिजे, नाहीतर बंद खोलीत नुसती ओल साचते, लेकरं चिपचिपी होऊन बसतात आणि अर्ध्या तासात पेंगायला लागतात. आमच्याच शिबिरात पहिल्या वर्षी असं झालं होतं, हॉलच्या खिडक्या गरम हवा येईल म्हणून आम्ही बंद ठेवल्या होत्या, तीन दिवस मुलं का कंटाळतात ते आम्हाला समजेना, चौथ्या दिवशी एका आजोबांनी येऊन मागची खिडकी उघडली आणि हॉल बदलून गेला. लाइट गेली तर काय करता हे विचारा. प्यायचं पाणी स्वतः पिऊन पाहा. आणि बाथरूम पाहा, मुलीची आई असाल तर नक्कीच, कारण बाथरूम वाईट असलं की पोरी पाणीच पित नाहीत आणि मग घरी येऊन डोकं दुखते म्हणतात.

फी भरायच्या आधी विचारायचे प्रश्न बरेच असतात, पण मला तीनच महत्त्वाचे वाटतात. एक, डेमो ज्या सरांनी दिला तेच शिकवणार आहेत का. कित्येक ठिकाणी डेमोला मोठे सर येतात, मुलं खूश, पालक खूश, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजची पोट्टी शिकवायला उभी. कॉलेजची पोरं वाईट शिकवतात असं नाही, आमच्याकडची एक ताई तर लेकरांची जीव की प्राण होती, पण आधी सांगायला पाहिजे. दोन, एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं. क्राफ्ट किंवा चेसला पंधरापर्यंत ठीक आहे, पण लहान लेकरं असतील आणि हातात कात्री, फेव्हिकॉल असेल तर पंधराही जास्त होतात, हे मी स्वतः घेतलंय म्हणून सांगते. तीन, लेकरू चार दिवसांनी नाही म्हणालं तर पैसे परत मिळतील का, किती मिळतील. हे तोंडी नको. "सर, आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे पाच दिवसांच्या आत बंद केलं तर अर्धी फी परत, बरोबर ना?" असा व्हॉट्सॅप करून ठेवा आणि त्यांचं हो आलं की मग भरा. पावती घ्या. एका वर्षी एका ठिकाणी आम्ही हे केलं नव्हतं, धाकटा दुसऱ्याच दिवशी रडत घरी आला, आणि 3000 रुपये गेले ते गेलेच. आणि हो, लेकराला घ्यायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी आलं तर ते सोडतात का, हेही विचारून घ्या, ज्या शिबिरात या प्रश्नावर लोक हसतात तिथे मी लेकरू ठेवत नाही.

फी भरली की चिठ्ठीवरची ती ओळ शिकवणाऱ्यांना सांगा. ही पायरी कोणीच करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. मी शिबिरात होते तेव्हा चाळीस मुलांमागे एका आईने मला येऊन सांगितलं होतं, "काकू, तो घरी खूप बोलतो पण चार माणसांत तोंड उघडत नाही, त्याने एकदा हात वर केला तरी मला पुष्कळ आहे." मग माझी नजर रोज त्याच्यावर जायची. नवव्या दिवशी त्याने हात वर केला, गोष्टीतल्या कोल्ह्याचं पुढे काय झालं असेल ते सांगायला. मी त्या दिवशी सुटल्यावर त्याच्या आईला गेटवरच सांगितलं. बाकीच्या एकोणचाळीस आईवडिलांना काय पाहिजे होतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आणि आता ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ती, शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम. आमच्या शिबिराच्या पहिल्या वर्षी कार्यक्रम साधा ठेवला होता, मुलांनी काढलेली चित्रं भिंतीवर, दोन गाणी, संपलं. पालकांनी फीडबॅक दिला की काही खास दिसलं नाही, एवढी फी घेतली आणि दाखवायला काय. दुसऱ्या वर्षी आम्ही पंधरापैकी चार दिवस डान्स बसवण्यात घालवले. ड्रेस भाड्याने आणले, साउंड लावला, प्रत्येकाला ट्रॉफी आणि सर्टिफिकेट. पालक भारी खूश, व्हिडिओ काढले, स्टेटसला टाकले, पुढच्या वर्षीची नावं तिथेच लिहून दिली. पण त्या चार दिवसांत मातीकाम व्हायचं होतं, ते झालंच नाही. मागच्या रांगेत उभं केलेल्या दोन मुलींनी मला विचारलं होतं, "काकू, माती कधी?" ते मला अजूनही बोचते. शिबिरं चालवणारे लोक वाईट नसतात हो, आपण ज्याच्यावर खूश होतो ते ते जास्त करतात. म्हणून तुम्हीच आधी सांगा की मला कार्यक्रम नको, किंवा छोटा चालेल, लेकराने काय केलं ते नुसतं टेबलवर मांडून ठेवा. पाच पालकांनी असं म्हटलं तरी फरक पडतो.

शिबीर सुरू झाल्यावर रोज घरी आल्या आल्या "आज काय शिकवलं?" विचारू नका, "काही नाही" हेच उत्तर येते, माझ्याकडे तर दोन्ही लेकरांकडून सारखंच येते. पन्हं द्या, अर्धा तास कूलरसमोर पडू द्या, मग विचारा की आज बाजूला कोण बसलं होतं, सर कशावर हसले, कोणाला रागावले. त्यातून सगळं बाहेर येतं. आणि संध्याकाळी एखादी गोष्ट "मला करून दाखव" म्हणा. धाकट्याच्या विज्ञानाच्या शिबिरात सरांनी एक काम घरी दिलं होतं, 26 मे ला दुपारी बाराच्या जरा नंतर आईबाबांना घेऊन गच्चीवर जायचं, पाच मिनिटंच, चप्पल घालून, डोक्याला दुपट्टा बांधून, आणि एक बाटली उभी करून तिची सावली पाहायची. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सावली बाटलीच्या खालीच शिरली, बाहेर काहीच उरलं नाही. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत साडेतेवीस अंशांपर्यंत जातो, नागपूर साधारण एकवीस अंशांवर आहे, म्हणून त्या दिवशी तो बरोब्बर आपल्या डोक्यावर येतो, हे त्याने मला समजावून सांगितलं, मी त्याला नाही. आणि मग म्हणाला, "म्हणूनच नवतपा आत्ताच असतो का गं आई?" त्या शिबिराचं सर्टिफिकेट कुठे आहे मला आठवत नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी शिकवणाऱ्यांशी दोन मिनिटं बोला. गेटवर घाईत नाही आणि ग्रुपवर तर अजिबात नाही, ग्रुपवर एकाने तक्रार टाकली की दहा जण अंगठे दाखवतात आणि सर बचावाला उभे राहतात, मग तुमच्या लेकराचं काम होत नाही. वेगळा मेसेज करा, एकच मुद्दा: "सर नमस्कार, तो म्हणतो की मागच्या टेबलवर त्याला फळा दिसत नाही, पुढे बसवता का?" एवढ्याने नव्वद टक्के कामं होऊन जातात. पहिले तीन दिवस लेकरू रडलं तर घाबरू नका, नवीन जागा आहे, पण पाचव्या दिवशीही सकाळी पोट दुखते म्हणत असेल तर त्याचं ऐका आणि काढून घ्या, पैसे गेले तरी चालतील. कोणी मारतं का, चिडवतं का, हात लावतं का, हे शांतपणे, वेगवेगळ्या वेळी विचारा, आणि संशय आला तर त्याच दिवशी शिबीर बंद करा, शेवटचा कार्यक्रम होऊ दे म्हणून थांबू नका.

एकाच सुट्टीत तीन-तीन शिबिरं लावू नका बाप्पा. सकाळी स्केटिंग, मग अबॅकस, संध्याकाळी डान्स, आणि मधे जेवण ऑटोत. आम्ही एका वर्षी दोन लावली होती, मोठी जूनमध्ये शाळा सुरू झाली म्हणून खूश झाली होती, आता सुट्टी आहे म्हणाली. एक शिबीर, बाकीची दुपार घरी, पत्ते, झोप, मामाचं गाव. बजेट नसेल तरी काळजी करू नका, गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आणि त्यातलं तारांगण, 1863 पासूनचा अजब बंगला म्हणजे आपलं जुनं म्युझियम, कडबी चौकातलं नॅरो गेज रेल्वेचं म्युझियम, एकेका सकाळी एकेक करा आणि घरी आल्यावर पाहिलेल्यातलं एक चित्र काढायला लावा, शिबिराइतकंच होऊन जाते.

शिबीर संपल्यावर लगेच चांगलं-वाईट ठरवू नका. शेवटच्या दिवशी ट्रॉफी हातात असते, सगळं चांगलंच वाटतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, शाळा उघडायच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत ती चिठ्ठी काढा आणि लेकराकडे पाहा, चिठ्ठीवरची गोष्ट न सांगता करते का. करत असेल तर पुढच्या वर्षी तिथेच, आणि सरांना फोन करून तसं सांगा, त्यांना तक्रारीचेच फोन येतात. करत नसेल तर आधी हे विचारा की ती गोष्ट साडेबावीस तासांत होण्यासारखी होती का.

यावर्षी धाकट्याला पोहायला टाकायचं आहे. पूल पाहून आलो, लाइफगार्ड किती, लहान मुलांच्या बाजूची खोली किती, एका बॅचला किती जण, सगळं विचारून झालं, सकाळी साडेसहाची बॅच मिळाली. चिठ्ठीवर यावेळी आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, "पाण्यात तोंड घालायला घाबरू नये." तेच सरांना व्हॉट्सॅप केलं. सरांचं उत्तर आलं, होऊन जाईल, फक्त पहिले चार दिवस तो पायरीवर पाय सोडून बसला तर तुम्ही काठावरून आवाज देऊ नका.